तळमजल्यावरचा क्षयरोग : गोवंडी-मानखुर्दच्या पुनर्वसन वसाहतींचे एक प्रकरण

मुंबई महानगरपालिकेच्या एम-पूर्व विभागात, म्हणजे गोवंडी, मानखुर्द, शिवाजीनगर, देवनार या पट्ट्यात, गेल्या दोन-अडीच दशकांत पुनर्वसनाच्या सात-आठ मजली इमारती रांगेने उभ्या राहिल्या. रेल्वेरुळांच्या कडेच्या, नाल्यांच्या काठच्या आणि रस्तारुंदीत गेलेल्या झोपड्यांतील कुटुंबांना इथे २२५ चौरस फुटांची पक्की घरे मिळाली. लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंड ही त्यांतली दोन परिचित नावे. सरकारी कागदांत या स्थलांतराची गणना विकासात होते आणि ती अगदीच चुकीची म्हणता येणार नाही. घरात नळ आला, संडास आला, पावसाळ्यात छप्पर गळायचे थांबले, बुलडोझरची धास्ती गेली. मात्र महापालिकेच्या २००९ च्या मानव विकास अहवालात जो विभाग शहरात सर्वांत तळाशी होता, त्याच विभागातल्या या पक्क्या घरांमध्ये क्षयरोगाने जो मुक्काम ठोकला, त्याचा अर्थ लावताना आरोग्य संवर्धन (हेल्थ प्रमोशन, म्हणजे लोक मुळात आजारी पडू नयेत यासाठीचे काम) या संपूर्ण क्षेत्राचीच उलटतपासणी होते. म्हणून हे प्रकरण सविस्तर मांडत आहे.

पाहणीत काय दिसले

२०१८ मध्ये ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेने आयआयटी मुंबईच्या संशोधकांच्या साथीने केलेल्या पाहणीचे निष्कर्ष समोर आले. लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड आणि तुलनेसाठी पी.एम.जी. वसाहत, अशा तीन ठिकाणच्या सुमारे चार हजार कुटुंबांची माहिती त्यात घेतली होती. पहिल्या दोन वसाहतींत शंभर कुटुंबांमागे आठ ते दहा कुटुंबांत क्षयरुग्ण आढळले, तर तिसऱ्या वसाहतीत हे प्रमाण एकाच्या आसपास होते. तिन्ही वसाहती एकाच विभागातल्या, तीच कचराभूमी जवळ, तेच दवाखाने, रोजंदारीचे स्वरूपही बरेचसे सारखे. ठळक फरक बांधणीत होता. पी.एम.जी. वसाहतीतल्या इमारती तुलनेने बुटक्या आहेत आणि त्यांच्यात मोकळी जागा जास्त आहे. उरलेल्या दोन ठिकाणी दोन इमारतींमधले अंतर काही जागी जेमतेम तीन मीटर आहे. खालच्या मजल्यांवर उजेड आणि वारा कमी पोहोचतो आणि रोगाचा भार तिथे अधिक दिसतो, हा या पाहणीचा गाभा.

अशी पाहणी एका वेळी घेतलेली असते, त्यामुळे तिच्यावरून कारण सिद्ध होत नाही, हा आक्षेप रास्त आहे. कुटुंब आधीच्या झोपडीतून संसर्ग घेऊन आले असेल, घरात कुपोषण असेल, तंबाखू आणि दारू असेल. क्षयरोगाच्या जंतूचा संसर्ग झालेल्यांपैकी सुमारे ५ ते १० टक्के लोकांनाच आयुष्यात कधीतरी प्रत्यक्ष आजार होतो आणि तोही अनेकदा वर्षांनंतर, त्यामुळे कुणाला तो कुठल्या घरात लागला हे सांगणे अवघडच असते. परंतु पुनर्वसनातली एक गोष्ट संशोधकांच्या फार उपयोगाची आहे, तिच्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. पुनर्वसनाच्या सदनिका साधारणतः सोडतीने वाटल्या जातात. चिठ्ठी निघेल तो मजला. खुल्या बाजारात गरीब माणूस अंधारे घर घेतो आणि सुखवस्तू माणूस उजेडाचे, त्यामुळे घराचा परिणाम आणि गरिबीचा परिणाम वेगळे करता येत नाहीत. सोडतीत ते बऱ्याच अंशी वेगळे होतात. अपंग आणि वृद्ध यांना खालचे मजले आधी देतात, नंतर घरे भाड्याने जातात किंवा गुपचूप विकली जातात, हे सगळे हिशोबात धरावे लागेल. तरीही औषधांच्या चाचणीत ज्यासाठी कोट्यवधी रुपये खर्च होतात, ती यदृच्छ, म्हणजे निव्वळ चिठ्ठीवर सोपवलेली, वाटणी इथे प्रशासनाने स्वतःच करून ठेवलेली आहे.

कारणाची साखळी वैद्यकाला अपरिचित नाही. रुग्ण खोकतो तेव्हा बाहेर पडणाऱ्या अतिसूक्ष्म थेंबांतला पाण्याचा अंश उडून जातो आणि उरलेले कण, आकाराने साधारण १ ते ५ मायक्रॉन, बंद हवेत तासन्‌तास तरंगत राहतात. खोलीतली हवा तासाला किती वेळा बदलते, यावर त्या कणांचे भवितव्य ठरते. पेरूमधील लिमा शहरातल्या रुग्णालयांत २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दारे-खिडक्या उघड्या असलेल्या खोल्यांत तासाला साधारण २८ वेळा हवा बदलत असल्याचे मोजले गेले. यंत्राने वायुवीजन होणाऱ्या खोल्यांत हा आकडा १२ होता. उंच छताच्या, मोठ्या खिडक्यांच्या जुन्या इमारती सर्वांत सरस ठरल्या. म्हणजे उघडी खिडकी हे यंत्राला मागे टाकणारे साधन आहे, अट एवढीच की खिडकीबाहेर हवा असावी.

खिडकी आणि हाऊस गल्ली

या वसाहतींमधल्या तळमजल्यावरच्या खोलीत भर दुपारी ट्यूबलाइट चालू असते. खिडकी आहे, नकाशात दाखवलेल्या मापाची आहे, पण तिच्या गजांना आतून प्लास्टिकचा कागद घट्ट बांधलेला असतो. बाहेर दोन इमारतींमधली गल्ली. जुन्या मुंबईत जिला हाऊस गल्ली म्हणत, तिचेच हे नवे रूप. वरच्या मजल्यांवरून फेकलेल्या कचऱ्याच्या पिशव्या, फुटक्या सांडपाण्याच्या नळाची धार, तिच्याखाली काळा चिखल, आणि त्या चिखलातून सावकाश जाणारी घूस. घरोघर फिरणारी आरोग्यसेविका हातातले पत्रक देऊन सांगते, “ताई, खिडकी उघडी ठेवत चला, हवा खेळती राहिली पाहिजे. खोकताना तोंडावर रुमाल धरा.” घरातली बाई पत्रक घेते, घडी घालून टीव्हीखाली सरकवते आणि म्हणते, “उघडली असती हो, पण वरनं काय पडेल त्याचा नेम नाही. परवा पोराच्या ताटात पाणी उडालं. आणि उघडून तरी काय दिसतंय, समोरच्याची मोरी!” सेविकेकडे याचे उत्तर नसते. तिचे स्वतःचे घरही पुष्कळदा अशाच एखाद्या इमारतीत असते. वहीत भेटीची नोंद होते, ‘आरोग्य शिक्षण दिले’ या रकान्यात खूण होते आणि ती पुढच्या दाराकडे वळते.

आरोग्य संवर्धनाचे बरेचसे जागतिक कामकाज आजही याच खुणेवर चालते, असे म्हटले तर ते कडवट वाटेल, पण अतिशयोक्त नाही. संदेश किती लोकांपर्यंत पोहोचला हे मोजणे सोपे असते. तो पाळणे त्यांच्या हातात होते का, हे मोजायला कुणी सांगितलेले नसते.

वास्तविक, या क्षेत्राची पायाभूत सनद अशी नव्हती. २१ नोव्हेंबर १९८६ रोजी कॅनडातील ओटावा इथे पहिल्या आंतरराष्ट्रीय परिषदेने जी सनद स्वीकारली, तिच्यात कामाची पाच क्षेत्रे सांगितली होती : आरोग्यपूरक सार्वजनिक धोरण, अनुकूल परिसर, समुदायाची कृती, व्यक्तीची कौशल्ये आणि आरोग्यसेवांची फेरमांडणी. क्रमात धोरण पहिले आहे, परिसर दुसरा आहे आणि व्यक्तीला शिकवणे चौथे. १९८८ च्या ॲडलेड परिषदेचा विषय धोरण हाच होता, १९९१ च्या सुंड्सवाल परिषदेचा परिसर, २०१३ च्या हेलसिंकीत ‘सर्व धोरणांत आरोग्य’ हे सूत्र पुढे आले, आणि डिसेंबर २०२१ मध्ये जिनिव्हाच्या सनदेने सर्वांगीण स्वास्थ्याची भाषा केली. २०२३ च्या जागतिक आरोग्य सभेने त्यासाठीचा आराखडाही मान्य केला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये घर आणि आरोग्य यांविषयी स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे दिली. ठरावांची उणीव नाही. मानखुर्दच्या तळमजल्यावर मात्र पाचांपैकी चौथेच क्षेत्र पोहोचते, कारण तेवढेच एक क्षेत्र आरोग्य खात्याच्या एकट्याच्या अखत्यारीत आहे.

हेच शहर एकदा उजेड मोजत होते

१८९६ मध्ये मांडवीत प्लेगचे रुग्ण सापडले आणि दोन वर्षांत, १८९८ साली, मुंबईत इम्प्रुव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. समुद्रावरचा वारा दाट वस्तीत शिरावा म्हणून तिने पूर्व-पश्चिम रस्ते काढले. सँडहर्स्ट रोड आणि प्रिन्सेस स्ट्रीट ही त्यांतली ठळक नावे. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी १९१० च्या दशकात घरांतील उजेड आणि हवा या विषयाचा पाठपुरावा केला. ट्रस्टच्या नियमांतला साडेत्रेसष्ट अंशांचा दंडक त्या काळात चांगलाच गाजला. राहत्या खोलीच्या भिंतीच्या पायथ्यापासून आडव्या पातळीशी साडेत्रेसष्ट अंशांची रेषा काढली, तर ती समोरच्या इमारतीत अडकता कामा नये. साध्या हिशोबात सांगायचे तर समोरच्या इमारतीच्या उंचीच्या निम्मी तरी मोकळी जागा मधे हवी.

हा दंडक आजच्या वसाहतीला लावून पाहावा. तळमजला आणि वर सात मजले धरले, तर उंची साधारण २३ मीटर होते. जुन्या हिशोबाने मधे साडेअकरा मीटर जागा हवी. तीन मीटर असेल, तर तळमजल्यावरून समोरची भिंत सुमारे ८२ अंशांपर्यंत आभाळ झाकते आणि डोक्यावर उरते ती एक चिंचोळी फट. शंभर वर्षांपूर्वीचा दंडक या इमारतीत फक्त वरच्या दोन मजल्यांपुरता पाळला जातो. बाकी सहा मजले त्या काळच्या मापानेही राहण्यास अयोग्य ठरले असते.

ट्रस्टचे गोडवे गाण्याचा हेतू नाही. नागपाड्यासारख्या भागांत तिने जितक्या खोल्या पाडल्या, तितक्या लवकर नव्या बांधल्या नाहीत. उठवलेली माणसे शेजारच्या चाळींत दाटली आणि एका गल्लीतली गर्दी दुसऱ्या गल्लीत गेली. १९३३ मध्ये ट्रस्ट महापालिकेत विलीन झाली. मुद्दा एवढाच की घराचा उजेड हे आरोग्याचे माप आहे आणि ते बांधकामाच्या नियमात लिहायचे असते, ही समज या शहरात बाहेरून आणावी लागणार नाही.

मग ती समज गेली कुठे? याचे एक उत्तर मद्रासमध्ये आहे आणि ते जरा अडचणीचे आहे. तिथे १९५६ साली सुरू झालेल्या क्षयरोग केमोथेरपी (औषधोपचार) केंद्राने, भारतीय वैद्यकीय संशोधनातल्या अत्यंत अभिमानास्पद कामांपैकी एका कामात, काही रुग्णांवर सॅनेटोरियममध्ये, म्हणजे मोकळ्या हवेतल्या क्षयरुग्णालयात, आणि काहींवर त्यांच्या दाटीवाटीच्या घरांत उपचार केले. १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष जगाला चकित करणारे होते. नियमित औषधे घेतली तर घरी राहूनही रुग्ण जवळपास तितकाच बरा होत होता आणि पुढच्या पाठपुराव्यात घरच्यांनाही वाढीव धोका आढळला नाही. त्यानंतर जगभरातली सॅनेटोरियम हळूहळू बंद झाली. गरीब देशांना परवडणारा उपचार मिळाला, लाखो जीव वाचले. मात्र त्याबरोबर मोकळी हवा, उजेड आणि सकस आहार हे विषयही क्षयरोग कार्यक्रमाच्या टेबलावरून उठले. मद्रासने उत्तर दिले होते ते आजारी माणूस कसा बरा होईल या प्रश्नाचे. निरोगी माणूस आजारी का पडतो, हा प्रश्न त्या प्रयोगाने विचारलाच नव्हता. एका प्रश्नाचे चोख उत्तर दुसऱ्या प्रश्नावर लावले गेले आणि घर हा विषय वैद्यकाच्या हातून निसटून बिल्डरच्या हाती गेला.

आहार परत आला, घर आले नाही

आहाराची गोष्ट पुढे वेगळी घडली. एप्रिल २०१८ पासून निक्षय पोषण योजनेत प्रत्येक क्षयरुग्णाला दरमहा ५०० रुपये मिळू लागले आणि नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम १,००० रुपये झाली. २०२३ मध्ये झारखंडमधल्या चाचणीचे निष्कर्ष आले. रुग्णाच्या घरच्यांना पोषक शिधा दिल्यावर त्यांच्यातल्या नव्या क्षयरोगाचे प्रमाण ३९ टक्क्यांनी घटले, आणि जंतू तपासून सिद्ध झालेल्या फुप्फुसाच्या क्षयरोगाचे ४८ टक्क्यांनी. भर शिकवण्यावर नव्हता. धान्य, डाळ आणि सूक्ष्म पोषकद्रव्यांच्या गोळ्या पोहोचवल्या होत्या. आरोग्य संवर्धन म्हणून याहून स्वच्छ उदाहरण अलीकडे दुसरे नाही. ज्या देशात जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा आहे आणि ज्याने २०२५ पर्यंत हा रोग संपवण्याचे उद्दिष्ट ठेवले होते, त्या देशाने आहाराचा प्रश्न गंभीरपणे घेतला हे योग्यच झाले.

घराला असा कैवारी का मिळाला नाही? शिधा आरोग्य खाते वाटू शकते. दोन इमारतींमधले अंतर झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण मंजूर करते आणि त्या मंजुरीच्या कागदावर सार्वजनिक आरोग्य खात्याचे मत लागत नाही. शिवाय पुनर्वसनाची अर्थव्यवस्थाच दाटीवर उभी आहे. १९९५ नंतरच्या योजनेत रहिवाशाला घर मोफत मिळते, खर्च त्याच भूखंडावरच्या, बाजारभावाने विकायच्या इमारतीतून किंवा हस्तांतरणीय विकास हक्कातून (दुसरीकडे वापरता किंवा विकता येणाऱ्या बांधकामाच्या हक्कातून) निघतो. पुनर्वसनाच्या इमारती जितक्या कमी जागेत आटोपतील, तितकी जागा विक्रीला मोकळी. नियमावलीत हेक्टरी किमान ५०० सदनिकांची अट आली, पुढे ती वाढली. किमान, हे लक्षात घ्यावे; दाटीची वरची मर्यादा घालण्याऐवजी खालची घातली गेली. घर मोफत असल्याचे सांगितले जाते, पण त्याच्या किमतीचा एक हप्ता तळमजल्यावरच्या कुटुंबाने उजेडात भरलेला असतो आणि त्याची पावती क्षयरोग केंद्राच्या नोंदवहीत फाटते.

इथे नगररचनाकारांचा प्रतिवाद ऐकायला हवा, कारण तो पोकळ नाही. अंतर वाढवले तर त्याच भूखंडावर घरे कमी बसतील. उरलेली कुटुंबे आणखी दूर, रोजगारापासून तुटलेल्या जागी जातील, किंवा झोपडीतच राहतील आणि झोपडीत क्षयरोग नसतो असे थोडेच आहे? यावर माझे मत असे की हा वाद जागेच्या टंचाईचा जितका आहे, तितकाच तिच्या वाटपाचाही आहे. विक्रीच्या इमारतीला पोडियम, बाग आणि चारी बाजूंनी वारा मिळतो. त्याच भूखंडावर पुनर्वसनाची इमारत कोपऱ्यात दाटून उभी असते. टंचाई दोघांना सारखी भोवत नाही. आणि जिथे जागा खरोखरच नाही, तिथेही इमारतींची दिशा, जिन्याचे तोंड, गल्लीचे टोक उघडे ठेवणे, खोलीला समोरासमोर दोन झरोके देणे, अशा गोष्टींनी फरक पडतो. संगणकावर उजेडाचे आणि वाऱ्याचे गणित मांडणे आता कुठल्याही वास्तुविशारदाच्या कार्यालयात शक्य आहे.

बांधून झालेल्या वसाहतींत काय करायचे, याचे उत्तर कमी देखणे आहे. इमारती सरकवता येत नाहीत. पण मजल्यामजल्यावरून कचरा रोज उचलला गेला, सांडपाण्याचे नळ दुरुस्त झाले, गल्लीच्या बाजूला जाळी बसली, तर प्लास्टिकचा कागद सोडून खिडकी उघडता येते. हे काम घनकचरा खात्याचे आणि सोसायटीचे आहे, तरी ते क्षयरोगाचेच काम मानून त्यावर क्षयरोगाच्या निधीतला पैसा खर्च व्हावा. खालच्या मजल्यांवर घरोघर जाऊन एक्स-रे तपासणी आधी व्हावी, जिथे रुग्ण निघेल तिथे शिधा घरातल्या सगळ्यांपर्यंत जावा.

यात बाहेरच्या पैशाचा प्रश्नही आहे. २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेने परदेशी मदत गोठवली आणि जागतिक आरोग्य संघटनेतून बाहेर पडण्याची घोषणा केली. क्षयरोगासाठी द्विपक्षीय मदत देणाऱ्यांत तो देश सर्वांत मोठा होता, त्यामुळे अनेक देशांतले जनजागृतीचे प्रकल्प कोलमडले. त्यांची जागा आता मोबाइलवरचे संदेश आणि कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारे सल्लागार घेतील, अशी चर्चा आहे. ते स्वस्त पडतील हे खरे. ते त्या बाईला तिच्याच भाषेत, तिच्या नावाने, अधिक गोड शब्दांत खिडकी उघडायला सांगतील.

मुंबईपुरते बोलायचे तर पुढची मोठी कसोटी धारावीची आहे. पात्र कुटुंबांना तिथे ३५० चौरस फुटांची घरे देण्याचे जाहीर झाले आहे आणि सार्वजनिक चर्चा जवळजवळ पूर्णपणे पात्र कोण, अपात्र कोण आणि चौरस फूट किती यांभोवती फिरते आहे. दोन इमारतींमधल्या अंतराबद्दल मोर्चा निघाल्याचे माझ्या पाहण्यात नाही. चौरस फूट सातबाऱ्यासारखा कागदावर दिसतो, उजेड राहायला गेल्यावर कळतो. इमारतींचे नकाशे मंजूर होण्याआधी महापालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्याने प्रत्येक मजल्याच्या उजेडाचे व वायुवीजनाचे गणित तपासून लेखी मत द्यावे आणि ते मत रहिवाशांना मराठी, हिंदी, उर्दू व तमिळमध्ये वाचता यावे, एवढी एक तरतूद पुष्कळ काही बदलू शकेल. तिला लागणारा पुरावाही शहराकडेच पडून आहे. क्षयरुग्णाच्या नोंदीत पत्ता असतो, पुनर्वसन इमारतीत खोली क्रमांकावरून मजला कळतो आणि सोडतीच्या याद्या प्राधिकरणाच्या दप्तरात असतात. रुग्णांची नावे झाकून या दोन याद्या एकमेकींना जोडायला फार तर काही महिने लागतील. त्यासाठी आरोग्य खात्याने प्राधिकरणाला पत्र लिहावे लागेल.